शुद्ध नको, स्पष्ट लिहा!

माझ्या भाचीला लहानपणापासून शेंगदाण्याचे वावडे आहे. वावडे म्हणजे आवडनिवड नव्हे. दाण्याचा अंश पोटात गेला की तिचे ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात आणि श्वास लागतो. ती आमच्या अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. एका रविवारी तिला वसतिगृहावर सोडायला निघालो असता पुणे-नाशिक महामार्गावरील एका हॉटेलात आम्ही जेवायला थांबलो. दारावर हातभर अक्षरांत पाटी होती : ‘शुद्ध शाकाहारी’. मेनूकार्डावर देवाचा फोटो होता, मालकाचा फोटो होता, चार मोबाईल नंबर होते. पदार्थात काय घातले आहे, याविषयी मात्र एक अक्षर नव्हते.

भाचीने वेटरला विचारले, “दादा, उसळीत शेंगदाणे आहेत का?” तो बिचारा आत जाऊन आला आणि म्हणाला, “नाही ताई, शेंगदाणे नाहीत त्यात.” तो खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. त्याच्या दृष्टीने शेंगदाणे म्हणजे अख्खे दाणे. रश्शाला दाटपणा यावा म्हणून आचाऱ्याने टाकलेले दाण्याचे कूट त्याच्या हिशेबात शेंगदाणे नव्हतेच. चौथ्या घासाला मुलीचा हात गळ्याकडे गेला. “मामा, यात कूट आहे,” एवढेच ती बोलू शकली. मंचरला दवाखान्यात पोहोचलो, डॉक्टरांनी तत्काळ इंजेक्शन दिले, म्हणून आज हा लेख मी शांतपणे लिहू शकतो. अर्धा तास उशीर झाला असता तर मला वेगळा मजकूर लिहावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी मी त्या हॉटेलात गेलो. भांडायला नव्हे, विचारायला. मालक गल्ल्यावर होता. त्याने हात जोडले, मनापासून वाईट वाटल्याचे सांगितले आणि मग म्हणाला, “पण वकीलसाहेब, आमचं सगळं शुद्ध असतं हो!” आदल्या दिवशीचे बिल मागितले तर बिलबुक संपलेले. कोऱ्या चिठोऱ्यावर आकडे मांडून त्याखाली ‘जीएसटी’ असे लिहून पैसे घेतले होते. नोंदणी क्रमांकाचा पत्ता नव्हता. म्हणजे खाण्यात काय आहे ते सांगितले नाही आणि पैसे कशाचे घेतले तेही सांगितले नाही. तरी सगळे ‘शुद्ध’!

वाचकहो, हा प्रश्न एका मुलीचा किंवा एका हॉटेलचा नाही. म्हणूनच त्या हॉटेलचे नाव मी येथे लिहीत नाही. प्रश्न हा आहे की, पैसे मोजून जेवणाऱ्या माणसाला आपल्या ताटात काय आहे आणि त्याची किंमत किती, हे लेखी कळण्याचा अधिकार आहे की नाही?

काही जण म्हणतील, चळवळीच्या वृत्तपत्रात हॉटेलच्या मेनूकार्डाचा विषय कशाला? अत्याचार, शिष्यवृत्ती, आरक्षण, बेरोजगारी असे डोंगराएवढे प्रश्न समोर असताना उसळीतल्या कुटाची चर्चा कशासाठी? त्यांना मी नम्रपणे सांगू इच्छितो की, हॉटेलच्या दाराशी आपल्या समाजाचे नाते फार जुने आणि फार कडू आहे.

१९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर हजर झालेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले आणि जात उघड होताच लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. त्याच काळात कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांच्या पाठबळाने गंगाराम कांबळे यांनी ‘सत्यसुधारक’ हे चहाचे हॉटेल काढले आणि महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेत. अस्पृश्याच्या हातचा चहा राजाने पिणे ही त्या काळी क्रांती होती. पुढे बाबासाहेबांनी घटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचे नाव घेऊन लिहिले की, धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणावरून कोणाला तेथे मज्जाव करता येणार नाही. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. त्यापाठोपाठ आलेल्या १९५५ च्या कायद्याने हॉटेलात प्रवेश नाकारणे आणि तेथील भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरवला. वेगळी कपबशी, बाहेरच्या कट्ट्यावर ठेवलेला फुटका कान असलेला कप, आपला आपण धुऊन पालथा घालायचा पेला, हे आमच्या वडिलांच्या पिढीने भोगले आहे.

त्या काळात हॉटेलवाला आम्हाला विचारत असे, “तू कोण?” घटनेने त्याचा तो अधिकार काढून घेतला. आता विचारण्याची पाळी आमची आहे. “तुझ्या पदार्थात काय आहे?” हा प्रश्न आम्ही विचारला पाहिजे. आत जाण्याचा हक्क मिळाला, पण आत बसून आजारी पडायचे असेल, फसवले जायचे असेल, तर तो हक्क अर्धाच राहिला.

आता त्या ‘शुद्ध’ शब्दाकडे वळू. शाकाहारी ही माहिती आहे. ती जरूर द्यावी. मांस न खाणाऱ्या माणसाला ती हवी असते आणि तो त्याचा हक्क आहे. परंतु ‘शुद्ध’ ही माहिती नाही, तो निवाडा आहे. एक जण शुद्ध म्हटला की समोरचा आपोआप अशुद्ध ठरतो. या देशात शुद्ध-अशुद्धतेची भाषा कोणाविरुद्ध वापरली गेली, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. शिवाय या शब्दाने पथ्याच्या माणसाचा काडीचाही फायदा होत नाही. शुद्ध शाकाहारी थाळीत दाण्याचे कूट असू शकते, दूध असू शकते, साखर असू शकते, मूठभर मीठ असू शकते. पाटी वाचून माणसाला एवढेच कळते की येथे मटण मिळत नाही. पण ज्याला दाण्याचे वावडे आहे, ज्याला मधुमेह आहे, ज्याची किडनी अधू आहे, त्याला त्या पाटीतून काय कळते? काही नाही.

पाटीवर काय असावे आणि काय नसावे याविषयी सर्वोच्च न्यायालयाने अलीकडेच एक महत्त्वाची रेषा आखून दिली. २०२४ च्या जुलै महिन्यात उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यपदार्थ विक्रेत्यांनी मालकांची नावे ठळकपणे लावावीत, असे फर्मान निघाले. नावावरून धर्म कळावा, जात कळावी आणि गिऱ्हाईक फिरावे, हा त्यातला अर्थ न सांगताही कळणारा होता. २२ जुलै २०२४ रोजी न्या. हृषिकेश रॉय आणि न्या. एस. व्ही. एन. भट्टी यांच्या खंडपीठाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. न्यायालयाने सांगितले की, कोणत्या प्रकारचे अन्न विकले जाते ते दर्शवायला सांगता येईल. परंतु मालकाचे आणि कामगारांचे नाव व ओळख जाहीर करण्याची सक्ती करता येणार नाही. एवढ्या एका आदेशात आपली सगळी मागणी आली आहे. पदार्थाची ओळख सांगा, माणसाची नको!

परंतु आपल्याकडे नेमके उलटे चालते. माणसाची ओळख शोधण्यात समाज तरबेज आहे आणि पदार्थाची ओळख सांगण्यात आळशी. आमच्या जुन्नर-आंबेगावचेच उदाहरण घ्या. भीमाशंकर, लेण्याद्री, ओझरला जाणारा प्रवासी वाटेत मासवडी मागतो. नावात ‘मास’ आहे म्हणून नवखा शाकाहारी दचकतो. वास्तविक ती बेसनाची. आत तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण, खसखस यांचे सारण असते. काही जण त्यात दाण्याचे कूटही घालतात. म्हणजे ज्याने घाबरायचे कारण नाही तो घाबरतो आणि ज्याला तिळाचे किंवा दाण्याचे वावडे आहे तो बिनधास्त खातो. मेनूकार्डावर मासवडीपुढे ‘बेसन, तीळ, खोबरे, दाणे आहेत / नाहीत’ एवढी एक ओळ लिहिली तर दोघांचेही काम होते. त्याला किती शाई लागते?

अशी उदाहरणे हवी तेवढी देता येतील. गव्हातील ग्लुटेन ज्यांना चालत नाही अशा सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला वाटते, बाजरीची भाकरी आणि वरण खाल्ले की झाले. पण पीठ नीट थापले जावे म्हणून हॉटेलात बाजरीत कणीक मिसळली असेल तर? फोडणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो, हे किती जणांना ठाऊक आहे? मधुमेही माणूस गोड टाळतो, पण आमटीत गूळ आणि भाजीत साखर घातलेली त्याला कोण सांगणार? रक्तदाबाच्या रोग्याला डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा असे सांगते. हॉटेलच्या एका ताटात लोणचे, पापड, ठेचा आणि रस्सा मिळून किती मीठ गेले याचा हिशेब कोणाकडे आहे?

हे श्रीमंतांचे चोचले आहेत असे कोणी समजू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. हे सर्व काही बंगल्यांत राहत नाहीत. त्यात ट्रकचालक आहेत, एस.टी.चे वाहक आहेत, मंचरच्या बाजार समितीत पोती उचलणारे हमाल आहेत, तारखेसाठी घोडेगावच्या कोर्टात येऊन दिवसभर ताटकळणारे पक्षकार आहेत. श्रीमंत माणूस घरचा डबा घेतो, आहारतज्ज्ञाचा सल्ला घेतो. कष्टकऱ्याला रस्त्यावर मिळेल ते खावे लागते. म्हणून पथ्य पाळणे गरिबालाच अधिक कठीण जाते. खुद्द बाबासाहेबांचे शरीर मधुमेहाने पोखरले होते, हे आपण सर्व जाणतो. पथ्य ही चैन नव्हे, ती जगण्याची अट आहे.

मग कायदा काय म्हणतो? कायदा आहे, पण वरच्या मजल्यासाठी. पाकीटबंद वस्तूंवर शाकाहारी-मांसाहारीची खूण २००१ सालापासून आली. म्हणजे वस्तूत मांस आहे की नाही याची चिंता राज्यकर्त्यांनी फार लवकर केली. हॉटेलातील ताटाची चिंता व्हायला मात्र पुढे वीस वर्षे लागली. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग व डिस्प्ले विनियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा १० अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थाचे उष्मांक लिहायचे आहेत. त्यासोबत अ‍ॅलर्जी करणाऱ्या घटकांची माहितीही द्यायची आहे. हा नियम २०२२ पासून अमलात आला. घटकांच्या यादीत गहू व इतर ग्लुटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, काजू-बदामासारखी कवचफळे, सोयाबीन आणि सल्फाइट यांचा समावेश आहे. चांगली गोष्ट आहे. स्वागतच आहे.

परंतु १० शाखा असलेले हॉटेल कोणाचे असते आणि तेथे कोण जेवतो? मॉलमध्ये बर्गर खाणाऱ्याला माहिती आणि महामार्गावर उसळ-भाकरी खाणाऱ्याला अंधार! माहितीच्या बाबतीतही दोन पंक्ती मांडल्या गेल्या आहेत. पंक्तिभेदाचा हा नवा प्रकार आपल्याला मान्य आहे काय? आणखी एक त्रुटी सांगतो. या यादीत तीळ नाही. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तिळाला प्रमुख घटकांच्या यादीत घेतले. युरोपच्या १४ घटकांच्या यादीत तो आधीपासून आहे. संक्रांतीला तीळगूळ वाटणाऱ्या आणि मासवडीत तीळ भरणाऱ्या आपल्या देशाच्या यादीत मात्र तो नाही.

तीळ म्हणजे क्षुल्लक गोष्ट असे कोणाला वाटत असेल तर इंग्लंडमधील नताशा एडनान-लापरूझ या १५ वर्षांच्या मुलीची आठवण करून देतो. २०१६ साली विमानतळावर घेतलेल्या पावाच्या पिठात तीळ होते. पाकिटावर ते लिहिलेले नव्हते. त्या पावाने तिचा जीव घेतला. तिच्या आईवडिलांनी शोक करीत घरी बसण्याऐवजी लढा दिला आणि ऑक्टोबर २०२१ पासून तेथे दुकानातच तयार करून बांधून ठेवलेल्या खाद्यपदार्थावर सर्व घटकांची यादी आणि अ‍ॅलर्जीचे घटक ठळक अक्षरांत लिहिण्याचे बंधन आले. त्या कायद्याला लोक नताशाचा कायदा म्हणतात. आपल्याकडे एखाद्या मुलीचा बळी जाईपर्यंत आपण थांबणार आहोत काय?

आपल्या राज्यात इच्छा असेल तर यंत्रणा हलते, हेही खरे. शेजारच्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अन्न व औषध प्रशासनाने मॅकडोनाल्ड्सच्या एका दुकानाची तपासणी केली आणि काही पदार्थांत चीजसदृश पर्यायी पदार्थ असताना मेनूवर ‘चीज’ लिहिल्याचा आक्षेप घेऊन कारवाई केली. २०२४ च्या फेब्रुवारीत ते प्रकरण देशभर गाजले. कंपनीने आरोप नाकारला आणि आपण अस्सल चीजच वापरतो असे जाहीर केले. त्या वादात मी पडत नाही. मुद्दा एवढाच की, मेनूकार्डावरचा एक शब्द खरा की खोटा हा प्रश्न शासन विचारू शकते, हे महाराष्ट्रात सिद्ध झाले आहे. मग तो प्रश्न महामार्गावर का विचारला जाऊ नये?

आता पैशाची बाजू पाहू. साध्या हॉटेलातील जेवणावर १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के जीएसटी आहे. परंतु अनेक लहान हॉटेले कंपोझिशन योजनेत असतात. त्यांना ग्राहकाकडून वेगळा कर वसूल करण्याचा अधिकारच नाही आणि तसे बिलावर व पाटीवर लिहिण्याचे त्यांच्यावर बंधन आहे. म्हणून बिलावर जीएसटी क्रमांक नसेल आणि तरीही कर लावला असेल तर तो कर नव्हे, ती लूट आहे. पाण्याच्या बाटलीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी निकाल दिला. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा अधिक पैसे घेता येतात, कारण तेथे नुसती विक्री नसून सेवाही असते, असे न्यायालय म्हणाले. निकाल मान्य. पण मग ती वाढीव किंमत मेनूकार्डावर आधी लिहा! खाऊन झाल्यावर कळलेली किंमत ही किंमत नसते, तो दंड असतो. सेवाशुल्क बिलात आपोआप लावण्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना उचलून धरल्या. त्याविरुद्ध हॉटेल संघटनांनी अपील केले असले तरी ‘हे शुल्क मी देणार नाही’ असे म्हणण्यास ग्राहकाने कचरू नये.

पथ्याच्या माणसाला तर दुहेरी भुर्दंड बसतो. तेल कमी टाका म्हटले की ‘स्पेशल’चा दर. थाळीतला भात नको, त्याऐवजी एक भाकरी द्या म्हटले की भाकरीचे पैसे वेगळे आणि भाताचे पैसे तसेच. अशा बदलांचा दर आधी लिहिलेला असेल तर माणूस विचार करून मागेल. आपले पथ्य सर्वांदेखत सांगून वर घासाघीस करण्याची लाज त्याला वाटणार नाही.

हॉटेलचालक म्हणतात, एवढे सगळे लिहिणे आणि वेगळे करणे आम्हाला जमत नाही. मी विचारतो, ‘जैन मिळेल’ ही पाटी कशी जमली? कांदा-लसूण वगळून वेगळ्या कढईत भाजी करणे त्यांना उत्तम जमते. जैन बांधवांना ते मिळते याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी मागितले, म्हणून त्यांना मिळाले. श्रद्धेसाठी जे जमते ते आजारासाठी का जमू नये? मात्र त्यासाठी मागावे लागते. आपण मागत नाही, म्हणून मिळत नाही.

दुसरे उदाहरण शासनाचेच आहे. २६ जानेवारी २०२० रोजी राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली. दर १० रुपये. थाळीत ३० ग्रॅमच्या २ चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण, असे वजनासह ठरवून दिलेले होते. १० रुपयांच्या थाळीत काय आणि किती, हे लिहिता येते, तर २०० रुपयांच्या थाळीत का लिहिता येऊ नये?

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. रस्त्यावरील वडापावची गाडी, चहाची टपरी, खानावळ चालवणारी विधवा भगिनी, यांच्यावर छापील मेनूकार्डाची आणि प्रयोगशाळेच्या तपासणीची सक्ती करणे अन्याय होईल. यात आपल्याच समाजातील अनेक तरुण आहेत. नवा नियम म्हणजे निरीक्षकाला नवा हप्ता, असे होता कामा नये. म्हणून मी उष्मांकांचा आग्रह धरीत नाही. माझी मागणी साधी आहे. एक फळा आणि खडू. त्यावर पदार्थाचे नाव, दर आणि त्यात दाणे, तीळ, गहू, दूध, अंडी, मासे, काजू, साखर-गूळ यांपैकी काय आहे तेवढे लिहायचे. आचाऱ्याला हे पाठ असते. फक्त त्याच्या डोक्यातले फळ्यावर आले पाहिजे. पहिल्या चुकीला दंड नको, समज द्यावी. मात्र विचारूनही खोटे सांगितले तर गय करू नये.

आणि कायद्याने आपल्या हातात आज जे दिले आहे ते तरी वापरू या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(९) नुसार वस्तू व सेवेचा दर्जा, प्रमाण, शुद्धता आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. त्याच कायद्याने बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार आता स्वतः राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत २ वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० खाली साधा ग्राहकसुद्धा विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. फक्त तसे करणार असल्याचे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावे लागते. दोष आढळला तर भरलेली फी परत मिळते. मागितला तो पदार्थ न देता वेगळ्याच स्वरूपाचा दिला तर कलम ५० खाली दंड आहे आणि अन्नामुळे इजा किंवा मृत्यू झाल्यास कलम ६५ खाली भरपाईची तरतूद आहे. कलमे कपाटात ठेवून उपयोग नाही, ती गल्ल्यासमोर उच्चारली पाहिजेत.

शासनाकडे आपल्या मागण्या तीनच असाव्यात. १० शाखांची अट काढून अ‍ॅलर्जीच्या घटकांची माहिती, निदान फळ्यावर तरी, प्रत्येक हॉटेलला बंधनकारक करावी. घटकांच्या यादीत तिळाचा समावेश करावा. आणि ही माहिती व दर मराठीत, सर्वांना दिसतील अशा ठिकाणी लावावेत. ग्रामसभेत असा ठराव मांडून तो अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयाकडे पाठवायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. पुढच्या ग्रामसभेत मी तो मांडणार आहे. इतर गावांतील कार्यकर्त्यांनीही मांडावा.

शेवटी एक गोष्ट आपल्या घरची. १४ एप्रिलला आपण गावोगाव भोजनदान करतो, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखो लोकांना जेवू घालतो. त्या कढईपुढे तरी आपण कधी लिहिले आहे काय की, या भाजीत दाण्याचे कूट आहे? मी स्वतः वीस वर्षे जयंतीच्या मंडपात वाढपी म्हणून उभा आहे आणि एकदाही लिहिलेले नाही. माझी भाची त्या पंगतीत दरवर्षी नुसता भात खाऊन उठत असे, हे मला यंदा कळले. कोणी विचारले नाही म्हणून तिने सांगितले नाही. तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी सुरुवात आपल्यापासून करू. यंदाच्या जयंतीला अवसरी खुर्दच्या आमच्या मंडपात कढईशेजारी फळा असेल. त्यावर ‘शुद्ध’ हा शब्द नसेल. भाजीत काय काय आहे, तेवढेच लिहिलेले असेल.

जयभीम!